दुरुस्ती आणि तत्त्वच्युति

कायदा कोठें होतो असें कोणासही विचारलें, तर तो कायदेमंडळाच्या सभागृहाकडे बोट दाखवील. तेथें भाषणें होतात, बाकें वाजतात, मतें मोजलीं जातात आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत त्याचा वृत्तान्त येतो. परंतु ज्या शब्दांवर मतें मोजावयाचीं, ते शब्द पुष्कळ वेळां सभागृहांत ठरलेले नसतात. ते ठरतात शेजारच्या एखाद्या दालनांत, एका लांब टेबलाभोवतीं बसलेल्या थोड्या माणसांच्या बैठकींत. आणि त्या बैठकीस प्रेक्षक नसतात, बातमीदारही नसतात. या बैठकीस पूर्वीं आपल्याकडे सिलेक्ट कमिटी म्हणत. आज तिला प्रवर समिति म्हणतात, आणि दोन्ही सभागृहांची मिळून असली तर संयुक्त समिति. तिच्या कामाविषयीं सुशिक्षित समाजांतही फारसें कुतूहल दिसत नाहीं. 'समितीकडे सोंपविलें' याचा अर्थ 'बासनांत गुंडाळलें' असाच बहुतेक लोक समजतात.

आम्हांस मात्र असें वाटतें कीं, नीतिशास्त्रांतील एक जुना व अवघड प्रश्न या दालनांत वरचेवर सोडवावा लागतो. एखाद्या मनुष्यानें एक गोष्ट न्याय्य म्हणून मनाशीं ठरविली, तिच्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट करून विधेयक लिहिलें, आणि तें समितीपुढें गेलें. तेथें त्याचे शब्द बदलले. कांहीं गळाले, कांहीं नवे आले. शेवटीं अहवाल तयार झाला व त्यावर सही करण्याची वेळ आली. आतां त्यानें सही करावी कीं करूं नये? केली तर तो व्यवहारज्ञ ठरेल, कीं तत्त्वच्युत? न केली तर तत्त्वनिष्ठ ठरेल, कीं केवळ हट्टी? हा प्रश्न कायदे करणाऱ्यांपुरताच आहे असें कोणीं समजूं नये. मुलीचें लग्न, भावांच्या वाटण्या, वृद्ध आईबापांनीं कोणाकडे राहावें, अशा प्रत्येक प्रसंगीं घरोघरीं एक समिति बसत असते, आणि तींतून उठतांना आपण काय सोडलें व तें सोडण्याचा आपणांस अधिकार होता काय, हा विचार ज्याच्या मनास शिवला नाहीं असा गृहस्थ विरळाच.

आगरकरांनीं १८८८ सालीं 'सुधारक' काढला तेव्हां त्यांनीं इष्ट आणि साध्य यांच्यामध्यें एक स्पष्ट विभागणी केली होती. बोलण्याची मर्यादा इष्टानें ठरवावी आणि करण्याची साध्यानें, असा तिचा भावार्थ. लेखकास किंवा वक्त्यास ही विभागणी मोठी आधाराची आहे. परंतु समितीच्या टेबलाशीं ती अपुरी पडते. कारण तेथें बोलणें हेंच करणें असतें. कलमांत जो शब्द घातला तोच उद्यां कायदा होऊन कोणाच्या तरी दाराशीं उभा राहणार. तेव्हां इष्टाचा उच्चार निराळा आणि साध्याचा आचार निराळा, असे दोन कप्पे करून मन मोकळें करण्याची सोय समितीच्या सभासदास नाहीं.

प्रथम या कामाची रीत थोडक्यांत सांगितली पाहिजे. विधेयक सभागृहांत मांडलें जातें आणि मग तें समितीकडे द्यावें असा ठराव येतो. तो मंजूर झाला म्हणजे विधेयकामागील तत्त्व सभागृहानें मान्य केलें असें सामान्यतः समजतात. समितीनें तपशील बदलावा, मूळ तत्त्व बदलूं नये. यानंतर समिति जाणकारांच्या साक्षी घेते, निवेदनें वाचते आणि एकेक कलम हातीं घेऊन त्यावर निर्णय करते. यांतली एक प्रथा आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. पहिलें कलम, ज्यांत कायद्याचें नांव असतें, तें आणि विधेयकाचा मथळा, हीं सर्वांत शेवटीं विचारांत घेतात. बाकीचें शरीर कसें झालें हें पाहिल्यावांचून नांव ठेवावयाचें नाहीं, असा हा शहाणपणा आहे. शेवटीं समितीनें सुधारलेलें विधेयक अहवालासह छापतात. त्यांत नव्या शब्दांखालीं किंवा त्यांच्या बाजूस रेघ असते, आणि जेथें मूळचे शब्द गाळले असतील तेथें फुल्या असतात. ज्यास बहुमत पटलें नाहीं त्यास आपली भिन्नमतपत्रिका जोडतां येते. मात्र तिची भाषा सौम्य व सभ्य असावी, समितींतल्या चर्चेचा तींत उल्लेख नसावा आणि समितीवर दोषारोप नसावा, असा लोकसभेचा नियम आहे.

आतां तत्त्व बदलूं नये आणि तपशील बदलावा, हा नियम कागदावर जितका सोपा दिसतो तितका तो व्यवहारांत नाहीं. तत्त्व कोठें संपतें व तपशील कोठें सुरू होतो, हीच तर अडचण. यासाठीं आपण एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं.

अजमेरचे हरबिलास सारडा यांनीं १९२७ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत बालविवाहाविरुद्ध एक बिल आणलें. मूळ बिल केवळ हिंदूंपुरतें होतें. मुलीचें वय बारा व मुलाचें पंधरा, ही त्याची मर्यादा. आणि तिच्या आंत झालेलें लग्न कायद्यानें रद्दबातल समजावें, अशी त्याची योजना. त्याच वर्षीं तें सिलेक्ट कमिटीकडे गेलें, आणि कमिटीनें त्याचें रूप इतकें पालटलें कीं मूळचें बिल ओळखूं येऊं नये. हिंदूंपुरता कायदा सर्व जातिधर्मांस लागू केला. वयोमर्यादा वाढवून मुलीची चौदा व मुलाची अठरा केली. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे, लग्न रद्द करण्याची तरतूद काढून टाकून त्या जागीं लग्न लावणाऱ्यांस शिक्षा करण्याची तरतूद घातली. म्हणजे लग्न कायम राहील, परंतु तें घडवून आणणारे गुन्हेगार ठरतील.

यास काय म्हणावें? पहिल्या दोन बदलांनीं बिल विस्तारलें व बळावलें. तिसऱ्यानें तें मवाळ झालें असें वरवर पाहणारास वाटेल. जी गोष्ट पाप म्हणून दंडनीय, तीच गोष्ट वैध म्हणून कायम, ही विसंगति नव्हे काय? बिलाच्या तत्त्वावरच हा घाव नव्हे काय? आमच्या मतें येथें थोडें थांबून, लग्न रद्द झाल्यास त्याचा भार कोणावर पडला असता, हें पाहिलें पाहिजे. अकरा वर्षांची मुलगी. तिचें लग्न बापानें लावलें, भटजींनीं मंत्र म्हटले, पाहुण्यांनीं अक्षता टाकल्या. तिला कोणीं विचारलें नाहीं. पुढें न्यायाधीशानें सांगितलें कीं, हें लग्न झालेंच नाहीं. बाप घरीं गेला, भटजी दक्षिणा घेऊन गेले, जेवणावळ पचून गेली. राहिली ती मुलगी. तत्कालीन समाजाच्या डोळ्यांस ना धड कुमारिका, ना सवाशीण. तिच्याशीं दुसरें लग्न करण्यास त्या काळीं कितीजण पुढें आले असते? आणि तोंपर्यंत तिला मूल झालें असेल, तर त्यास कोणत्या कुळाचें नांव लागलें असतें? अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्यास, असा हा प्रकार झाला असता. कमिटीनें तो भार मुलीच्या डोक्यावरून उचलून बापाच्या, वराच्या आणि लग्न लावणाऱ्याच्या डोक्यावर ठेवला. बालिकेचें रक्षण हें जर बिलाचें तत्त्व, तर या बदलानें तें सुटलें नाहीं. उलट अधिक नीट धरलें गेलें.

यावरून दुरुस्तीची एक कसोटी निघते. शब्द किती बदलले हें मोजूं नये. ज्याच्यासाठीं मूळ विधेयक लिहिलें, तो मनुष्य दुरुस्तीनंतर कोठें उभा राहतो तें पाहावें.

परंतु हीच कसोटी पुढें लावली म्हणजे चित्र इतकें समाधानकारक राहत नाहीं. सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या संमतिवयाच्या समितीचा अहवाल १९२९ सालीं आला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत सारडा कायदा मंजूर झाला. तो बाहेर पडला तेव्हां त्यांत काय होतें? अपराध्यास फार तर एक महिन्याची साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलिसांनीं आपण होऊन दखल घ्यावयाची नाहीं. कोणीं तरी न्यायाधीशापुढें फिर्याद करावी, तीही वर्षाच्या आंत, आणि फिर्यादीकडून शंभर रुपयांपर्यंत जामीन मागतां यावा. शेजाऱ्याच्या घरच्या लग्नाविरुद्ध पदरचे पैसे अडकवून कोण उभा राहणार? शिवाय कायदा अमलांत यावयाचा होता तो १९३० च्या १ एप्रिलपासून. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची एकच घाई उडाली, आणि १९३१ च्या खानेसुमारींत बालवधूंची संख्या घटण्याऐवजीं वाढलेली दिसली. ज्या मुलींस वांचविण्यासाठीं कायदा केला, त्यांपैकीं कित्येकींचीं लग्नें त्या कायद्याच्या भीतीनेंच उरकलीं गेलीं.

या सवलती ज्यांनीं दिल्या ते सर्व दुष्ट होते असें आम्ही म्हणत नाहीं. प्रत्येक सवलतीमागें कांहीं तरी कारण होतें. पोलिसांस घरांत शिरूं देऊं नये ही भीति खरी होती. खोट्या फिर्यादींनीं प्रतिष्ठित कुटुंबांस छळतां येऊं नये ही काळजीही खरी होती. परंतु हीं सर्व कारणें टेबलाशीं बसलेल्यांचीं आणि त्यांच्यासारख्यांचीं होतीं. त्या वेळच्या मध्यवर्ती कायदेमंडळांत एकही स्त्री नव्हती. जोशी समितींत रामेश्वरी नेहरू यांच्यासारख्या विदुषी होत्या, ही त्या काळाच्या मानानें मोठीच गोष्ट. पण जेथें मतें पडावयाचीं तेथें पुरुषच होते, आणि ज्या मुलींविषयीं कायदा त्यांचा तर प्रश्नच नव्हता. येथें तडजोडीची खरी नैतिक अडचण उघडी पडते. मनुष्यानें आपल्या हक्कांतलें कांहीं सोडलें तर त्यास औदार्य म्हणावें. परंतु दुसऱ्याच्या हक्कांतलें सोडून तोच आपणांस समंजस म्हणवूं लागला, तर तें औदार्य नव्हे. ती परक्याच्या धनावरची दानशूरता होय. घरच्या समितीसही हें लागू आहे. 'सर्वांनीं थोडें थोडें सोडलें' असें वाटणीच्या वेळीं आपण म्हणतों, तेव्हां सर्वांत जास्त कोणीं सोडलें आणि ती व्यक्ति बैठकींत होती काय, हें एकदां पाहावें. पुष्कळदां ती स्वयंपाकघरांत चहा करीत असते.

मग समितींत जाऊंच नये, आपलें विधेयक अखंड ठेवून बाहेर उभें राहावें, हा मार्ग बरा नव्हे काय? या प्रश्नाचें उत्तर देतांना नामदार गोखल्यांच्या शिक्षणाच्या बिलाची आठवण होते. १६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. तें किती सौम्य होतें हें आज वाचून आश्चर्य वाटतें. सक्ति सर्व देशावर नव्हती. ज्या भागांत ठराविक प्रमाणांत मुलें आधींच शाळेंत जात असतील तेथेंच, स्थानिक संस्थेची इच्छा असेल तर, सरकारच्या परवानगीनें आणि प्रथम सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती ती लागू व्हावयाची होती. विरोधकांच्या मनांत येतील त्या बहुतेक अटी गोखल्यांनीं आधींच आपल्या हातानें घालून ठेविल्या होत्या. पुढल्या वर्षीं त्यांनीं मागितलें तें इतकेंच कीं, बिल सिलेक्ट कमिटीकडे द्या. तेथें हव्या त्या दुरुस्त्या सुचवा. दोन दिवस वाद झाला आणि १९१२ च्या मार्चांत तेरा विरुद्ध अडतीस मतांनीं तेंही नाकारलें गेलें. म्हणजे तडजोडीच्या दालनाचें दारच उघडलें नाहीं.

यावरून कित्येक असें अनुमान काढतील कीं, आधींच नमतें घेणारास कोणी विचारीत नाहीं. गोखल्यांनीं पुरें मागितलें असतें तर निदान अर्धें पदरांत पडलें असतें. व्यवहाराच्या दृष्टीनें यांत तथ्य असेल. परंतु आम्हांस त्यांत दुसरीही एक बाजू दिसते. इतक्या सौम्य बिलास जेव्हां नकार मिळाला, तेव्हां 'मागणी अवास्तव होती' ही सबब सरकारला उरली नाहीं. गोखले १९१५ सालीं वारले. १९१७ सालीं शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम केला; १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांस तसा अधिकार देणारा कायदा झाला; आणि शिक्षण हा प्रत्येक मुलाचा हक्क ठरविणारा कायदा अमलांत आला तो २०१० सालच्या १ एप्रिलला. पडलेलें बिलही काम करीत असतें. पण त्या मधल्या पिढ्यांतील जीं मुलें अक्षरशत्रु राहिलीं, त्यांस या विलंबाची भरपाई कोणींच दिली नाहीं. यास्तव बाहेर उभें राहण्याचेंही मोल असतें, आणि तेंही बहुधा दुसऱ्यासच द्यावें लागतें, हें तत्त्वनिष्ठानेंही विसरूं नये.

तर मग सीमा कोठें आंखावी? या बाबतींत डॉ. आंबेडकरांचें वर्तन विचार करण्यासारखें आहे. हिंदु कोड बिल १९४८ सालीं त्यांच्या अध्यक्षतेखालच्या सिलेक्ट कमिटीपुढें आलें. राव समितीच्या मसुद्यांत मुलीस मुलाच्या निम्मा वाटा होता. कमिटीनें तो बरोबरीचा केला. दुरुस्ती म्हणजे नेहमीं उतारच असतो असें नाहीं, याचें हें ठळक उदाहरण. पुढें सभागृहांत विरोध वाढला, वर्षें गेलीं. सबंध कोड होत नाहीं तर निदान विवाह व घटस्फोट यांचा भाग तरी आधीं घ्यावा, हें डॉ. आंबेडकरांनीं मान्य केलें. इथपर्यंत ते टेबलाशीं बसून राहिले. परंतु अवघीं चार कलमें मंजूर झाल्यावर तोही भाग सोडून देण्यांत आला, तेव्हां सप्टेंबर १९५१ मध्यें त्यांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. भाग सोडावा, क्रम सोडावा, वेळही सोडावी. परंतु जें उरलें तें मूळ हेतूचें केवळ नांव असेल, तर त्या नांवाखालीं आपली सही ठेवूं नये, असा बोध यांतून निघतो. हिंदु वारसा कायदा १९५६ सालीं झाला, आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस जन्मतः हक्क मिळावयास महाराष्ट्रांत १९९४ व सर्व देशांत २००५ साल उजाडलें.

आतां समितीच्या गुप्ततेविषयीं. बंद दाराआड तत्त्वांचा सौदा होतो, असा तिच्यावर नेहमींचा आक्षेप आहे. तो अगदींच निराधार नाहीं. परंतु मनुष्यस्वभाव असा आहे कीं, चारचौघांत उच्चारलेलें मत त्यास स्वतःच्या अब्रूसारखें वाटूं लागतें. तें बदललें तर हार झाली असें तो मानतो. प्रेक्षक नसले म्हणजे 'आपलें म्हणणें मला पटलें' हें वाक्य तोंडांतून निघणें सोपें जातें. म्हणून बोलणें गुप्त राहिलें तर त्यांत दोष नाहीं. मात्र जो बदल झाला तो उघड असलाच पाहिजे. सुधारलेल्या विधेयकांतील त्या रेघा आणि त्या फुल्या याचसाठीं आहेत. फुली सांगते कीं येथें कांहीं होतें, तें आम्हीं काढलें. तिच्यांत लाज नाहीं आणि लपवाछपवीही नाहीं. जो असहमत, त्याची पत्रिका त्याच पुस्तिकेंत, त्याच शाईनें छापलेली. ज्यास आज बहुमत मिळालें नाहीं त्याचा शब्द उद्यांच्या वाचकासाठीं राखून ठेवण्याची ही रीत आम्हांस कायदेमंडळाच्या सर्व थाटापेक्षां अधिक सभ्य वाटते.

खेदाची गोष्ट ही कीं, या टेबलाचा वापरच आतां कमी होत चालला आहे. १९९३ पासून आपल्या संसदेंत खात्यांच्या स्थायी समित्या आहेत. त्या विधेयकांचे शब्द स्वतः बदलीत नाहींत, पण ते तपासून शिफारशी करतात. पंधराव्या लोकसभेच्या काळांत, म्हणजे २००९ ते २०१४ मध्यें, शेंकडा सुमारें ७१ विधेयकें समित्यांकडे गेलीं. सतराव्या लोकसभेच्या काळांत, २०१९ ते २०२४ मध्यें, तें प्रमाण शेंकडा सुमारें १६ वर आलें. तडजोड चांगली कीं वाईट हा वाद पुढचा. जेथें एकमेकांचें ऐकून घेण्यास बसणेंच बंद होतें, तेथें तो वादही उद्भवत नाहीं.

शेवटीं पुन्हां त्या अकरा वर्षांच्या मुलीकडे वळूं. १९२७ सालीं तिचें लग्न रद्द समजावें कीं कायम, हा पेंच होता, आणि दोन्ही उत्तरें टेबलाशीं बसलेल्यांनींच द्यावयाचीं होतीं. सारडा कायद्यांतील मुलीचें वय १९४९ सालीं पंधरा व १९७८ सालीं अठरा झालें. त्यानंतर २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानें त्या पेंचाचें निराळेंच उत्तर दिलें. अल्पवयांत झालेलें लग्न सामान्यतः आपोआप रद्दही नाहीं आणि मुकाट्यानें कायमही नाहीं. वयांत आल्यावर दोन वर्षांपर्यंत, ज्याचें किंवा जिचें लहानपणीं लग्न लावलें त्या व्यक्तीनेंच न्यायालयाकडे जाऊन तें रद्द करून घ्यावें किंवा तसेंच राहूं द्यावें. तें लग्न रद्द झालें तरी त्यापासून झालेलीं मुलें औरसच समजावयाचीं. जी पूर्वीं बैठकींत नव्हती, तिच्याच हातीं शेवटचा शब्द आला. यास जवळ जवळ ऐंशीं वर्षें लागलीं. हा कायदा झाला म्हणून बालविवाह थांबले असें नाहीं. परंतु १९२७ च्या कमिटीला जें सुचलें नव्हतें तें पुढच्यांस सुचलें, यांतच दुरुस्ती या शब्दाची सार्थकता आहे.

आम्हीही आमच्या आयुष्यांत इष्टांतलें पुष्कळ सोडलें आहे, आणि वाचकांनींही सोडलें असेल. त्याबद्दल खंत करीत बसण्याचें कारण नाहीं. परंतु सोडल्यानंतर 'मला तें नकोच होतें' असें म्हणण्याची जी संवय मनास लागते, ती मात्र घातक होय. ज्या जागेवरून शब्द काढला तेथें एक फुली असूं द्यावी. पुढें कोणी तरी तें पान उघडील, आणि येथें काय होतें असें विचारील.